वनमाला : ग्वाल्हेरची सरदारकन्या, श्यामची आई

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला आपल्या गावाचे भूषण कोण असे विचारले, तर त्याची यादी बहुधा गाण्यापासून सुरू होते. शंकरराव पंडित, त्यांचे चिरंजीव कृष्णराव, राजाभैया पूछवाले ही नावे तो घेतो; मग संस्थानचे राजकवी भा. रा. तांबे यांचे नाव येते. त्यापुढे सरदार घराण्यांची, वाड्यांची आणि दसऱ्याच्या स्वारीची वर्णने सुरू होतात. या यादीत सिनेमाच्या नटीचे नाव सहसा येत नाही. वस्तुतः भारतीय चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले ते ज्या चित्रपटाला, त्याची नायिका याच गावात शिकली, येथूनच पदवीधर झाली आणि येथेच तिने अखेरचा श्वास घेतला. महाराष्ट्राने तिला श्यामची आई म्हणून ओळखले. उत्तर हिंदुस्थानने त्याआधी बारा वर्षे तिला सिकंदराची रुखसाना म्हणून डोक्यावर घेतले होते. ग्वाल्हेरच्या जुन्या पिढीला मात्र ती प्रथम आठवत असे ती कर्नल पवारांची मुलगी म्हणून.

वनमालाबाईंचे मूळ नाव सुशीला. त्यांचा जन्म २३ मे १९१५ रोजी उज्जयिनीस झाला. उज्जैन त्या वेळी शिंदे सरकारच्या मुलुखात होते. वडील कर्नल रावबहादूर बापूराव पवार हे संस्थानच्या कारभारातील वजनदार अधिकारी व माधवराव महाराजांच्या विश्वासातले गृहस्थ. माधवराव महाराजांचा काळ हा ग्वाल्हेरच्या इतिहासातील मोठ्या घडामोडींचा काळ होय. कालवे, रेल्वे, शाळा, कारखाने यांचा ध्यास घेतलेला तो राजा १९२५ साली पॅरिसमध्ये निधन पावला, तेव्हा सुशीला दहा वर्षांची होती. राज्य असे आधुनिकतेकडे धावत असले, तरी सरदारांच्या वाड्यांतील रीतिरिवाज त्या वेगाने बदलत नव्हते. बायकांचा गोषा होता, बाहेर निघताना मेणा किंवा पडदे लावलेली गाडी होती, आणि घराण्याच्या अब्रूची कल्पना तर मुख्यतः घरातील स्त्रियांच्या वागण्यावरच तोललेली होती. मुलींनी शिकावे इथपर्यंत या समाजाची मजल आली होती; शिकून त्यांनी काय करावे, याचे उत्तर मात्र त्याच्यापाशी एकच होते, आणि ते म्हणजे तोलामोलाच्या घरी लग्न.

सुशीलेचे शालेय शिक्षण सरदारांच्या मुलींसाठी काढलेल्या शाळेत झाले. तेथून ती व्हिक्टोरिया कॉलेजात गेली. आजचे महाराणी लक्ष्मीबाई महाविद्यालय ते हेच. त्या काळी ते आग्रा विद्यापीठास जोडलेले होते, आणि पुढे काही वर्षांनी अटलबिहारी वाजपेयीही त्याच वर्गांतून बाहेर पडले. १९३५ साली सुशीला पवार बी. ए. झाली. सरदार घराण्यातील मुलगी त्या काळात पदवीपर्यंत पोचते ही गोष्ट लहान नव्हे. आणि त्याचे श्रेय पुढे तिच्यावर रुष्ट झालेल्या वडिलांनाच दिले पाहिजे. मुलीच्या हाती पुस्तक त्यांनीच दिले होते.

पदवीनंतर सुशीलाबाई पुढील शिक्षणासाठी मुंबईस गेल्या, परंतु एम. ए.चा अभ्यास पुरा झाला नाही. मग त्या पुण्यास आल्या आणि शिक्षिका झाल्या. शाळा होती आगरकर हायस्कूल. मुलींसाठी ती उभी केली होती प्रल्हाद केशव अत्रे यांनी. अत्रे तोवर केवळ शाळामास्तर राहिले नव्हते. विडंबनकार, नाटककार, पाठ्यपुस्तककार अशी कीर्ती त्यांनी मिळवली होती, आणि 'ब्रह्मचारी' व 'ब्रँडीची बाटली' या बोलपटांच्या कथांनी त्यांचे नाव घरोघरी पोचले होते. ग्वाल्हेरहून आलेली, घाऱ्या डोळ्यांची, स्वच्छ उच्चारांची ही पदवीधर शिक्षिका त्यांच्या नजरेतून सुटणे कठीणच होते.

बोलपटात काम करणे म्हणजे त्या काळी एखाद्या घरंदाज मुलीच्या दृष्टीने काय होते, हे आजच्या वाचकाला थोडे समजावून सांगावे लागते. दादासाहेब फाळक्यांना पहिल्या चित्रपटासाठी तारामतीचे काम करायला बाई मिळाली नाही आणि अण्णा साळुंके यांना लुगडे नेसावे लागले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्यानंतर दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी १९१३ मध्ये ती कोंडी फोडली. पण रंगभूमीवरील कुटुंबातल्या स्त्रीने चित्रपटात जाणे वेगळे आणि प्रतिष्ठित घरातील मुलीने जाणे वेगळे. ते धाडस दुर्गाबाई खोटे यांनी केले. १९३२च्या 'अयोध्येचा राजा'मध्ये तारामतीच झालेल्या या घरंदाज बाईंनी मराठी मध्यमवर्गाच्या मनातील चित्रपटाविषयीची अढी पुष्कळ सैल केली. पाठोपाठ लीला चिटणीस आल्या. त्या तर पदवीधर होत्या आणि जाहिरातींत त्या पदवीचा गाजावाजाही झाला. तेव्हा वनमालाबाईंना कधीकधी पहिली पदवीधर नटी म्हणून गौरविले जाते, ते बरोबर नाही. त्यांचे वेगळेपण दुसऱ्याच गोष्टीत आहे. दुर्गाबाई आणि लीलाबाई या दोघी मुंबईच्या सुधारक, इंग्रजी वळणाच्या समाजातून आल्या. संसाराची अडचण आणि पोटापाण्याचा प्रश्न हेही त्यांच्या चित्रपटप्रवेशामागे होते. सुशीला पवार आल्या त्या एका मराठा संस्थानातील दरबारी घराण्यातून. तेथे सुधारणेचा तो वारा पोचला नव्हता आणि मुलीच्या कमाईची कोणाला गरजही नव्हती. गरजेपोटी केलेली गोष्ट समाज कालांतराने माफ करतो. हौसेने किंवा आवडीने केलेली माफ करायला त्याला फार वेळ लागतो.

१९४० साली 'नवयुग चित्रपट' या संस्थेच्या 'लपंडाव'मध्ये सुशीला पवार पडद्यावर आल्या त्या वनमाला हे नाव घेऊन. लेखणी अत्र्यांची होती, दिग्दर्शन के. नारायण काळे यांचे. काळे हे स्वतः चांगले नट आणि नाट्यविचारक होते, त्यामुळे पहिल्याच पावलाला बाईंना जाणत्यांची संगत लाभली. पुढच्याच वर्षी अत्र्यांनी स्वतःच्या संस्थेतर्फे 'पायाची दासी' काढला. गजानन जागीरदार यांनी दिग्दर्शिलेल्या या चित्रपटात दुर्गाबाई खोटे यांनी खाष्ट सासू रंगविली आणि वनमालाबाई झाल्या सोशिक सून. हिंदीत तो 'चरणों की दासी' या नावाने झाला. सासुरवासाचा विषय तेव्हाच्या घराघरांतला असल्याने चित्रपट बायकांना फार भिडला. ज्या दुर्गाबाईंनी कुलीन स्त्रियांसाठी हे दार उघडले, त्यांच्याच समोर ही नवी मुलगी उभी राहिली आणि झाकोळून गेली नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

१९४२चा 'वसंतसेना' हा याच मंडळींचा. शूद्रकाचे 'मृच्छकटिक' मराठी प्रेक्षकाला देवलांच्या नाटकामुळे परिचित होते. चारुदत्ताची आणि वसंतसेनेची ती कथा घडते उज्जयिनीत. ज्या नगरीत सुशीलेचा जन्म झाला, तेथलीच गणिका तिने पडद्यावर उभी केली. सरदाराच्या लेकीने गणिकेची भूमिका करावी, या गोष्टीचा ग्वाल्हेरच्या वाड्यांतून काय अर्थ लावला गेला असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. शूद्रकाच्या नाटकातील सर्वांत उदार पात्र ती गणिकाच आहे, हे संस्कृत वाचणाऱ्यांना ठाऊक असले तरी निंदा करणाऱ्यांना त्याचे सोयरसुतक नसते.

परंतु वनमालाबाईंचे नाव हिंदुस्थानभर गेले ते १९४१च्या 'सिकंदर'ने. सोहराब मोदी यांची 'मिनर्व्हा मूव्हीटोन' ही संस्था ऐतिहासिक चित्रपटांसाठी नावाजलेली होती. 'पुकार' नंतर मोदींनी सिकंदराच्या स्वारीला हात घातला. पृथ्वीराज कपूर सिकंदर झाले, स्वतः मोदी पोरस झाले, आणि इराणी सुंदरी रुखसानेसाठी वनमालाबाईंची निवड झाली. चित्रपटाची कथा इतिहासाला धरून नाही, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको. सिकंदराने जिच्याशी लग्न केले ती रोक्साना मध्य आशियातील सरदाराची मुलगी होती. ती वेषांतर करून झेलमच्या काठी आली आणि तिने पोरसला राखी बांधली, ही सारी लेखकाची करामत. पण त्या करामतीतच चित्रपटाचे मर्म आहे. परक्या विजेत्याची प्रियतमा हिंदी राजाला भाऊ मानते आणि त्या नात्यापोटी तो रणांगणात हाती आलेल्या शत्रूला जीवदान देतो. दोन राजांच्या गर्जनांमध्ये ही एक मृदू व्यक्तिरेखा नसती, तर 'सिकंदर' हा केवळ हत्ती-घोड्यांचा आणि शिरस्त्राणांचा देखावा ठरला असता.

येथे एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. त्या काळी मुंबई-पुण्याकडील मराठी नट्यांना हिंदुस्थानी संवाद ही एक डोकेदुखी असे. उच्चार घोटावे लागत, नुक्ता असलेली अक्षरे पाठ करावी लागत, आणि एवढे करूनही लखनौ-दिल्लीकडील प्रेक्षक नाक मुरडीत. ग्वाल्हेरला वाढलेल्या मराठी मुलीची गोष्ट निराळी. ती घरात मराठी बोलते आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताच हिंदी. संस्थानी वातावरणात उर्दूचा अदबशीर लहेजाही तिच्या कानावरून जातो. 'सिकंदर'चे संवाद पल्लेदार होते. बोलणारे पृथ्वीराज आणि मोदी हे दोघेही आवाजाचे बादशहा. त्यांच्यापुढे वनमालाबाई बिचकल्या नाहीत, याचे निम्मे श्रेय लष्करच्या गल्ल्यांना द्यावयास हरकत नाही. शिवाय राणीच्या डौलासाठी त्यांना कोणाची नक्कल करावी लागली नाही. दरबार म्हणजे काय, मुजरा कसा करतात, मान किती लवते आणि किती लवत नाही, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेले होते.

'सिकंदर' दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत आला. परक्या आक्रमकाला नदीच्या काठावर अडविणारा पोरस पाहताना प्रेक्षकांच्या मनात कोणता आक्रमक उभा राहत होता, हे सरकारलाही कळले असावे. सेन्सॉरने मंजुरी दिली असूनही लष्करी छावण्यांतील काही चित्रपटगृहांत त्याच्या प्रदर्शनावर बंदी आली. लोकांनी मात्र तो वर्षानुवर्षे पाहिला.

या चित्रपटाविषयी ग्वाल्हेरला एक कथा पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. 'सिकंदर' येथे लागला, कर्नल पवार तो पाहावयास गेले, आणि मुलीला परपुरुषासमवेत पडद्यावर पाहताच त्यांनी बंदूक उचलून पडद्यावर गोळी झाडली, अशी ती कथा. अशा कथा तोंडातोंडी वाढतात आणि त्यांतील बंदुकीचा बारही दरवेळी थोडा मोठा होत जातो, हे मान्य करून चालले पाहिजे. गोळी झाडली गेली असो वा नसो, वडिलांचा संताप खरा होता आणि माहेरचे दार मुलीला दीर्घकाळ बंद झाले, हेही खरे. कथा सांगणारे बहुधा बापाच्या बाजूने सांगतात. त्यात एक मर्दानी रुबाब आहे आणि श्रोत्यांना तो आवडतो. पण त्याच वेळी मुंबईत एकटी राहणारी, चित्रपट गाजत असताना गावी जाऊ न शकणारी पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी त्या कथेत कोठेच दिसत नाही. ज्या वयात तिच्या बरोबरीच्या मुली पहिल्या बाळंतपणाला माहेरी येत, त्या वयात हिचे नाव माहेरी उच्चारले जात नव्हते. मोठ्या शहरातील वाहवा ही त्याची भरपाई होऊ शकते का, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

त्यानंतरची सात-आठ वर्षे भरगच्च कामाची गेली. १९४२च्या 'राजा रानी'पासून त्या हिंदी चित्रपटांतून सातत्याने दिसत राहिल्या. व्ही. शांताराम यांनी राजकमलच्या 'परबत पे अपना डेरा'मध्ये त्यांना उल्हासबरोबर नायिकेचे काम दिले, साल १९४४. संगीतकार वसंत देसाई यांची आणि त्यांची गाठ येथे पडली, ती पुढे एका अधिक मोठ्या कामात उपयोगी आली. १९४५च्या 'शरबती आँखें' या चित्रपटाचे नाव त्यांच्या डोळ्यांवरूनच सुचले असावे, असे रसिक म्हणत. या काळातील बरेचसे चित्रपट आज नावापुरतेच उरले आहेत, आणि खरे सांगायचे तर त्यांतील सर्वच पुन्हा पाहण्याच्या योग्यतेचे होते असेही नाही. युद्धकाळात नफ्याच्या पैशावर निघालेल्या संस्थांचे पीक आले होते आणि चांगल्या नट्यांची त्यांत बरीच नासाडी झाली. वनमालाबाईंचीही काही प्रमाणात झाली.

मात्र या वर्षांतील त्यांचे आयुष्य केवळ स्टुडिओपुरते मर्यादित नव्हते. बेचाळीसच्या आंदोलनात भूमिगत झालेल्या अरुणा असफ अली, अच्युतराव पटवर्धन यांच्यासारख्या पुढाऱ्यांना त्यांनी आसरा दिला होता, असे त्यांच्याविषयी सांगतात. संस्थानी अधिकाऱ्याच्या कन्येने ब्रिटिशांना हव्या असलेल्या माणसांना घरात ठेवणे हा तिच्या पूर्वायुष्याशी दुसरा काडीमोड म्हणावा लागेल. पहिल्याची चर्चा फार झाली, दुसऱ्याची फारशी झाली नाही.

१९५० उजाडेपर्यंत चित्रपटसृष्टी पालटली होती. नर्गिस, मधुबाला, सुरैया यांचा जमाना आला होता. पस्तिशीतील नायिकेला तेव्हाही वहिनी, मावशी अथवा सासू याखेरीज पर्याय नसे. अशा वेळी अत्र्यांनी साने गुरुजींच्या 'श्यामची आई'वर चित्रपट काढण्याचे ठरविले.

हे पुस्तक गुरुजींनी १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहून काढले. त्याला रूढ अर्थाने कथानक नाही. आश्रमातील मित्रांना श्याम रोज रात्री आईची एकेक आठवण सांगतो, एवढाच त्याचा आराखडा. पालगडचे घर, वाढते कर्ज, सावकाराचा तगादा, भावंडांची आजारपणे आणि या साऱ्यांतून मुलाला माणूस म्हणून घडविणारी आई. खलनायक नाही, प्रेमप्रकरण नाही, नाचगाण्याला जागा नाही. धंद्याच्या दृष्टीने पाहणारा कोणीही निर्माता या पुस्तकाच्या वाटेला गेला नसता. त्यात गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःच्या हाताने जीवन संपविलेले. महाराष्ट्राच्या मनावरील ती जखम ओली होती. चित्रपट बिघडला असता तर लोकांनी अत्र्यांना क्षमा केली नसती.

आईच्या भूमिकेसाठी वनमालाबाई, ही निवड कागदावर विचित्रच दिसते. कोकणातील दरिद्री ब्राह्मण गृहिणी आणि शिंदेशाहीतील मराठा सरदाराची पदवीधर कन्या! सिकंदराची रुखसाना, उज्जयिनीची वसंतसेना म्हणून जी पाहिली, तिला चुलीपुढे फुंकणी घेऊन कसे पाहावे? एक घारे डोळे तेवढे कोकणस्थी मुलुखाशी जुळणारे होते. परंतु अत्र्यांची नजर वेगळीच असली पाहिजे. श्यामची आई गरीब आहे, पण दीन नाही. ती संपन्न माहेरातून आली आहे. आणि सावकाराच्या माणसाने दारात येऊन घराण्याची अब्रू काढली, तेव्हा तिच्या अंगाची आग होते ती दारिद्र्यापेक्षा अपमानामुळे. मोठ्या घरातील स्त्रीचा ताठ कणा दारिद्र्यातही कसा टिकतो, हे दाखवायला असा कणा असलेलीच बाई हवी होती. केवळ डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या नट्या पुष्कळ होत्या.

बाईंनी ही भूमिका ज्या संयमाने केली, तिची साक्ष चित्रपट आजही देतो. पोहायला भिऊन लपलेल्या श्यामला ही आई फोक घेऊन हुडकून काढते आणि मारीतच विहिरीकडे धाडते. त्या प्रसंगात ती जराही पाघळत नाही. मुलगा पोहून परत येतो तेव्हाचे तिचे वागणे मात्र पाहावे. रागाची कठोरता आणि तिच्यामागची माया यांत बाईंनी कोठेही शिवण दिसू दिलेली नाही. अंघोळीनंतर पायांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणाऱ्या मुलाला मनालाही घाण लागू न देण्याची शिकवण ती देते. तो प्रसंग कागदावर उपदेशाचा आहे. दुसऱ्या एखाद्या नटीने तो कीर्तनाच्या थाटात म्हटला असता. वनमालाबाई तो कामाच्या ओघात, जवळजवळ स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणतात. आणि म्हणून तो सात दशकांनंतरही खोटा वाटत नाही. श्याम झालेला माधव वझे हा बालनट त्यांच्यासमोर इतका मोकळा वावरला, यातही त्यांचा वाटा आहे. कॅमेऱ्यापुढे मुलाला सांभाळून घेणे ही बोलपटातील कठीण कला होय; पुण्याच्या शाळेतील मास्तरकी तेथे कामी आली असावी.

चित्रपट १९५३ साली प्रदर्शित झाला. दिग्दर्शन स्वतः अत्र्यांचे, संगीत वसंत देसाई यांचे. थिएटरांतून बाया पदराने डोळे पुसत बाहेर येत आणि दुसऱ्या दिवशी शेजारणींना घेऊन पुन्हा जात, असे जुनी माणसे सांगत असत. शाळांनी मुलांना रांगेने नेऊन हा चित्रपट दाखविला. ग्वाल्हेर, इंदूर, उज्जैन, बडोदे अशा बृहन्महाराष्ट्रातील गावांतही तो मराठी घरांचा चित्रपट झाला.

त्याच सुमारास केंद्र सरकारने उत्कृष्ट चित्रपटांना राजमान्यता देण्याची योजना आखली होती. १९५३ सालच्या चित्रपटांसाठीची पहिली पारितोषिके १९५४च्या ऑक्टोबरात दिल्लीस देण्यात आली. सर्व भारतीय भाषांतील उत्कृष्ट कथापट म्हणून राष्ट्रपतींचे सुवर्णपदक 'श्यामची आई'ला मिळाले. बिमल रॉय यांच्या 'दो बिघा जमीन'ला गुणवत्तेचे प्रशस्तिपत्र मिळाले, एवढे सांगितले म्हणजे स्पर्धा कोणाशी होती ते कळेल. पदक अर्थातच चित्रपटाचे. नटनट्यांना स्वतंत्र पारितोषिक देण्याची पद्धत तेव्हा नव्हती. ती पुढे चौदा वर्षांनी सुरू झाली. त्यामुळे सुवर्णपदकाच्या इतिहासात अत्र्यांचे नाव ठळक आहे आणि वनमालाबाईंचे तपशिलात. अत्र्यांच्या धडाक्याच्या व्यक्तिमत्त्वाशेजारी असे पुष्कळांचे झाले आहे. तरीही ज्या मुलीने घराण्याची अब्रू घालविली असे म्हटले गेले, तिच्या मुद्रेवर सबंध मराठी समाजाने आईपणाची मुद्रा पाहिली, आणि ती मुद्रा दिल्लीच्या दरबारात मानाला चढली, ही गोष्ट ग्वाल्हेरच्या वाड्यांपर्यंत पोचल्याशिवाय राहिली नसेल.

त्यानंतर बाईंनी चित्रपटांतून फारसे मन घातले नाही. आईच्या भूमिकांची रांग लागली असती. ललिता पवार, सुलोचना यांच्याप्रमाणे त्या चरित्रभूमिकांत आणखी तीस वर्षे सहज टिकल्या असत्या. त्यांनी तो मार्ग घेतला नाही. आपल्या काळातील दुर्गा खोटे, लीला चिटणीस, स्नेहप्रभा प्रधान, शांता हुबळीकर, हंसा वाडकर यांनी आत्मचरित्रे लिहिली आणि ती वाचनालयांतून हातोहात फिरून जीर्ण झाली. त्या पुस्तकांच्या ओळीत वनमालाबाईंच्या नावाचे तसे गाजलेले पुस्तक नाही. गाजावाजा करण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता आणि स्वतःच्या दुःखाचे भांडवल तर त्यांनी कधीच केले नाही.

पुढे त्यांचे मन वृंदावनात रमले. तेथील भक्तिमार्गी वातावरणात त्यांनी आयुष्याची बरीच वर्षे घालविली आणि हरिदास कला संस्थान ही संस्था उभारून मुलामुलींच्या शास्त्रीय संगीताच्या व नृत्याच्या शिक्षणाची सोय केली. संस्थेच्या नावात ग्वाल्हेरकरांना ओळखीची खूण सापडावी. ज्याची कबर आपल्या गावी महंमद घौसांच्या मकबऱ्याशेजारी आहे आणि जिथे चिंचेची पाने खाल्ल्याने गळा गोड होतो असे गवयी मानत आले, त्या तानसेनाचे गुरू म्हणजे वृंदावनातील निधिवनात राहणारे स्वामी हरिदास, अशी परंपरा सांगते. गाणे शिकण्यासाठी तानसेन ज्या वाटेने वृंदावनास गेला असे म्हणतात, त्याच वाटेने चार शतकांनंतर ग्वाल्हेरची ही कन्या गेली आणि गुरूच्या नावाने विद्यादान करू लागली. आयुष्याचा आरंभ शिक्षिका म्हणून झाला होता. मधली बारा-पंधरा वर्षे पडद्यावर गेली आणि पुन्हा त्या मुले शिकविण्याकडेच वळल्या.

वृंदावनाचा आधार असला तरी ग्वाल्हेरशी तुटलेला धागा उत्तरायुष्यात पुन्हा जुळला. ज्यांनी त्यांना नावे ठेवली ती पिढी काळाच्या पडद्याआड गेली होती, संस्थान विलीन झाले होते, वाड्यांचे दिवाणखाने ओस पडले होते. व्हिक्टोरिया कॉलेजचे नाव बदलले होते. नव्या पिढीला त्या माहीत होत्या त्या दूरदर्शनवर अधूनमधून दाखविल्या जाणाऱ्या एका कृष्णधवल चित्रपटातील आई म्हणून. त्याच पुस्तकावर २०२३ साली पुन्हा एक मराठी चित्रपट निघाला, तेव्हा जाणत्या प्रेक्षकांनी तुलना केली ती वनमालाबाईंशीच. बाई ती ऐकायला नव्हत्या. कर्करोगाच्या आजारानंतर २९ मे २००७ रोजी, वयाची ब्याण्णव वर्षे पूर्ण करून सहाव्या दिवशी, त्यांचे ग्वाल्हेर येथे निधन झाले.